देवळातला मिक्सर: एक चॅनल कळेपर्यंतची गोष्ट

आमच्या सोलापुरातल्या भजनी मंडळाचा साउंड, म्हणजे माइक, स्पीकर आणि सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं मिक्सर नावाचं मशीन, एक पोरगा बघायचा. १७ जुलै २०२४ ला आषाढी झाली आणि पुढच्याच आठवड्यात त्याला हिंजवडीत नोकरी लागली. चांगलंच झालं त्याचं, पण आता मशीन कोण बघणार हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला आणि मी पतसंस्थेत दिवसभर कॉम्प्युटरवर असते म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. कॉम्प्युटरचा आणि मिक्सरचा काय संबंध ते कुणी सांगितलं नाही. मी हो म्हटलं कारण तेव्हा आमच्याकडे जुना मिक्सर अ‍ॅम्प्लिफायर होता, प्रत्येक माइकला एक व्हॉल्यूम आणि सगळ्यांना मिळून एक बेस एक ट्रेबल, संपलं. पण त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला की हे मशीन फार खरखरतंय, दत्तजयंतीच्या आत नवीन मिक्सर, नवीन अ‍ॅम्प आणि दोन मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायला) घ्यायचे. म्हणजे मी ज्याला हो म्हटलं होतं ते मशीनच जाणार होतं.

ऑगस्ट सगळा खरेदीत गेला. ट्रस्टचा पैसा असल्यामुळे तीन कोटेशन लागतात, ती ट्रस्टच्या नावावर लागतात, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला लागतो, नाहीतर हिशेबनीस परत पाठवतात. एका दुकानदाराने आकडा नुसता कार्डाच्या मागे लिहून दिला, तो गेला कचऱ्यात. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, त्यावर सही शिक्का नाही म्हणून परत चक्कर. तुमच्याकडेही ट्रस्टचं काम असेल तर दुकानात शिरतानाच सांगा की लेटरहेडवर सही शिक्क्यासकट पाहिजे, बिलाचे पैसे चेकने मिळतील, आणि वॉरंटी कार्डावर तारीख आजच टाकून द्या. मिक्सर एकटा सगळं धरून तीस हजाराच्या आतबाहेर पडला, बाकी वायरी आणि स्टँड वेगळे.

इथे एक गोष्ट जी मला कोटेशन वाचतानाच कळली आणि जी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. १२ चॅनलचा (आवाज आत यायच्या १२ वाटांचा) मिक्सर म्हणजे १२ माइक जोडता येतात असं नाही. आमच्या मॉडेलवर चार मोनो (एकेका आवाजाचे) चॅनल आणि चार स्टिरिओ (डावा उजवा असे दोन आवाजांचे) चॅनल आहेत, स्टिरिओचे दोन दोन मोजायचे म्हणून ते १२. माइक जोडता येतात फक्त सहा. आता आमची गरज बघा, मुख्य बुवा एक, साथीला एक, पेटी एक, पखवाज एक, कोरसच्या बायकांना एक, आणि निवेदनाला एक. बरोब्बर सहा, म्हणजे सातवा माइक कुणी मागितला तर नाही म्हणायची सोय आयतीच झाली. पण ज्यांना आठ लागतात त्यांनी डब्यावरचा आकडा न बघता मशीनवर तीन भोकांचे एक्सएलआर सॉकेट किती आहेत ते बोटाने मोजावं.

मशीन आलं तेव्हा गणपती चालू होते, त्यामुळे शिकवायला कुणी मोकळं नव्हतं. १७ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि मग मी देवळाच्या ऑफिसात खोकं उघडून बसले. खरं सांगते, पोटात गोळा आला. नॉब आणि बटणं मिळून शंभराच्या वर, लाल पांढरे हिरवे, आणि सोबतच्या पुस्तकात बाण आणि त्रिकोण काढलेला एक नकाशा. मी झाकण लावून घरी गेले.

आमच्याकडे अशोक चौकाच्या बाजूला एक आण्णा आहेत, तरुणपणी यंत्रमागावर होते, नंतर साउंडच्या धंद्यात आले, मंडप, लग्न, भजन सगळं करतात. त्यांना फोन केला. म्हणाले नवरात्र संपू दे, मग येतो. दसरा झाल्यावर एका गुरुवारी आले, चपला काढल्या, दत्ताला हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करलालाव वैनी, एवढ्या मशीनला काय भ्यायचं?" मी म्हटलं आण्णा शंभर बटणं आहेत. तर त्यांनी सरळ एक वही घेतली आणि पहिल्या चॅनलवर अशी आडवी धरली की बाकीचे सगळे चॅनल झाकले गेले. एकच उभी रांग उरली.

"मागाच्या बीमवरनं एक धागा निघतो की नाही, तो आपल्या फणीतनंच जातो. शेजारच्या धाग्याशी त्याला काय देणंघेणं नाही. ही रांग म्हंजे एक धागा. वर माइक लावला, की आवाज वरनं खाली येतो. खाली मास्टरला गेला की सगळ्यांचं मिळून कापड."

मास्टर म्हणजे सगळ्या रांगा जिथे एकत्र होतात तो शेवटचा व्हॉल्यूम. त्या दिवशी बाकी काही शिकवलं नाही त्यांनी. फक्त सांगितलं की उरलेल्या रांगा हीच रांग पुन्हापुन्हा छापलेली आहे, एक पाठ कर. आणि खरंच, मोनो चारही तंतोतंत सारख्या, स्टिरिओवर दोनतीन गोष्टी कमी. शंभराचे पंधरा झाले. ही एवढी गोष्ट मला कुणी सप्टेंबरमध्ये सांगितली असती तर माझा महिना वाचला असता, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

मग ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे गुरुवार. दत्ताचा वार म्हणून तसंही देवळात आरतीनंतर भजन असतंच, आण्णा जमेल तेव्हा यायचे, नाहीतर फोनवर. मानधन घ्यायला तयार नव्हते, शेवटी बैठकीत ठराव करून व्हाउचरवर सही घेऊन दिलं, कारण ट्रस्टमधून फुकटही काही लिहिता येत नाही आणि तोंडीही काही देता येत नाही.

रांगेत सगळ्यात वर सॉकेट. माइकची वायर तीन पिनांची, एक नंबर अर्थ, दोन आणि तीनवर तोच आवाज पण एकमेकांच्या उलटा. मिक्सर काय करतो, तर दोन आणि तीनमधला फरक तेवढा ऐकतो. वाटेत वायरीत ट्यूबलाइटची, फॅनची जी घरघर शिरते ती दोन्हींत सारखीच शिरते, मग फरक काढला की ती उडून जाते आणि आवाज राहतो. म्हणून स्टेजपासून वीस मीटर वायर ओढली तरी चालतं. हे मला ऐकून समजल्यासारखं वाटलं होतं, पण खरं कळलं ते कोजागिरीनंतर.

झालं असं की मंडळातल्या एका काकांनी मोबाइलवर एक अभंग लावून दाखवायचा म्हणून मोबाइलची हेडफोनची वायर, ती लहान पिन ते मोठी पिन असते ना एकसंध, ती पहिल्या मोनो चॅनलला खुपसली. पेटी वाजतेय, टाळ वाजतायत, मागचा कोरस येतोय, आणि गाणारे बुवाच गायब! लांबून कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा थोडा प्रतिध्वनी. काका म्हणाले मशीन डिफेक्टिव्ह आलं, दुकानदाराला फोन लावा. मी आधी आण्णांना लावला. ते फोनवरच हसायला लागले. मोबाइलच्या पिनेवर टोकाला डावा आवाज आणि मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरला वाटलं ही माइकसारखी वायर आहे, त्याने दोघांमधला फरक काढला. रेकॉर्डिंगमध्ये गायक मधोमध असतो, म्हणजे डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे, फरक शून्य. बुवा घरघरीसारखे वजा झाले!

उपाय साधा आहे, एका बाजूला मोबाइलची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना अशी वायर मिळते, तेव्हा अडीचशे तीनशेला होती, त्या दोन पिना स्टिरिओ चॅनलच्या डाव्या उजव्याला लावायच्या. मोबाइलवर तानपुरा लावणाऱ्यांनी तर ही वायर घ्याच. आणि मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर आलापाच्या मधे कुणाच्या तरी सुनेचा फोन येतो.

सॉकेटजवळच फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच माइकला वीज द्यायचं, +४८ लिहिलेलं लाल बटण. आमच्याकडे ते सगळ्या माइकना मिळून एकच आहे. मला त्याची फार भीती होती, ४८ व्होल्ट माइकमध्ये जातात म्हणजे बुवांना शॉक बसेल की काय. तसं काही नाही. कंडेन्सर माइकला चालायला ती वीज लागते, हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही आणि त्याने त्याचं काही बिघडतही नाही, कारण दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर व्होल्टेज सारखंच असतं, माइकच्या आतल्या कॉइलला फरकच जाणवत नाही. जुने रिबन माइक आणि चुकीच्या जोडणीच्या वायरी यांना मात्र जपायचं. आणि ते बटण दाबताना किंवा काढताना मास्टर खाली, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

आता गेन. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा, बाकी काही राहिलं तरी चालेल.

माइकमधून जी वीज निघते ती काही मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास काही नाही. मिक्सरच्या आत काम चालतं ते व्होल्टाच्या हिशेबात. गेनचं काम त्या एवढ्याशा आवाजाला कामाच्या पातळीवर आणणं, आणि ते रांगेत सगळ्यांच्या आधी होतं. फेडर, म्हणजे वरखाली सरकवायची दांडी, सगळ्यात खाली असतो, तो फक्त ठरवतो की तयार झालेला आवाज मास्टरकडे किती पाठवायचा. दोन्ही फिरवल्याने आवाज कमीजास्तच होतो म्हणून बहुतेकांना वाटतं दोन्ही एकच. पण गेन फार ठेवला तर आवाज वरच फाटतो, मग खाली फेडर कितीही ओढा, फाटलेलाच आवाज हळू येतो. आणि गेन फार कमी ठेवून फेडर आणि मास्टर दोन्ही वर चढवले तर बुवांबरोबर मशीनचा स्सस्सही मोठा होतो. आपल्याकडच्या अर्ध्या कार्यक्रमांत कानाला त्रास होतो तो आवाज मोठा असल्यामुळे नाही, तो वरच्या वर फाटलेला असतो म्हणून, हे माझं आता पक्कं मत आहे.

गेन लावायची पद्धत आण्णांनी अशी शिकवली. फेडर खाली. चॅनलचं पीएफएल बटण दाबायचं, म्हणजे फेडरच्या आधीचा आवाज हेडफोनमध्ये आणि मीटरवर दिसतो. मग गायकाला गायला सांगायचं. आणि इथे आपल्या लोकांची सवय आडवी येते. माइक हातात दिला की प्रत्येकजण म्हणतो "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", तेही तोंडातल्या तोंडात, आणि कार्यक्रमात दिगंबराच्या गजराला तोच माणूस दुप्पट आवाजात जातो. म्हणून टेस्टिंगला गजरच म्हणायला लावायचा, उभ्याने म्हणणार असतील तर उभं करून, जेवढा जोर रात्री लावणार तेवढाच. मीटर शून्याच्या आसपास खेळला पाहिजे आणि लाल दिवा अगदी जोराच्या जागी क्वचित लुकलुकला तर हरकत नाही. आमच्या मशीनवर तो दिवा आवाज फाटायच्या ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आधी लागतो, म्हणजे तो लागला तेव्हा अजून जरा जागा असते. सतत लागत असेल तर गेन मागे. आमच्या बुवांना हे गजर प्रकरण पटायला वेळ लागला, रिकाम्या देवळात एवढ्या जोरात कशाला म्हणायचे. एकदा केलं, मग आपणहून करायला लागले.

गेनच्या शेजारी पॅडचं बटण आहे, आमच्याकडे २६ डीबीचं. दाबलं की येणारा आवाज विसाव्या भागावर येतो. पखवाजाला माइक फार जवळ असेल आणि गेन पूर्ण खाली करूनही लाल दिवा विझत नसेल तर ते दाबायचं. एरवी नाही. आवाज अचानक फारच कमी का येतोय याचं उत्तर पुष्कळदा हे चुकून दाबलं गेलेलं बटण असतं, पुसताना फडक्याने दाबलं जातं.

मग हाय पास फिल्टर, ८० हर्ट्झ लिहिलेलं बटण. हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच त्याचं माप, ८०च्या खालचा खर्ज तो कापतो. फॅनचा वारा, स्टेजवर कुणी चाललं की होणारी धपधप, माइकचा स्टँड सरकवल्याचा गडगडाट, हे सगळं तिथे खाली असतं, बायकांचा आवाज तिथे नसतोच आणि पुरुषांचाही जेमतेम. म्हणून गाण्याच्या, निवेदनाच्या, पेटीच्या सगळ्या चॅनलना दाबून टाकायचं. पखवाजाला मात्र नाही. धुमेला कणीक कशासाठी लावतो आपण, तो खालचा घुमारा पाहिजे म्हणूनच ना, तो मशीनने कापून कसं चालेल.

कॉम्प्रेसरचा एक नॉब आहे, त्याबद्दल आण्णांचं मत "शून्यावर ठेवा आन् विसरा". कारण विचारलं तर म्हणाले की तो मोठा आवाज दाबतो आणि बदल्यात सगळं थोडं वर उचलतो, त्यामुळे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी लवकर येते. मी विसरले.

ईक्यूचे, म्हणजे बारीक, मधला आणि जाड आवाज वेगवेगळा कमीजास्त करायचे, तीन नॉब. हाय १० हजार हर्ट्झ, मिड अडीच हजार, लो १००, प्रत्येक १५ डीबी वर किंवा खाली. मधोमध खट्कन बसतात, तिथे काहीच बदल होत नाही. सुरुवातीला प्रत्येक पाहुणा येऊन बेस वाढवा म्हणतो. पण देऊळ म्हणजे फरशी, दगड, घुमट, आवाज आधीच घुमतो. आण्णांचा नियम असा की जे खुपतंय ते आधी कमी करायचं, जे हवंय ते वाढवायला नंतर जायचं. आमच्या पेटीचा आवाज कर्कश यायचा, मिड थोडा मागे घेतला आणि पेटी पेटीसारखी झाली. कोरसच्या बायकांचा एक माइक सगळ्यांपासून लांब असतो, तिथे टाळांचा खणखणाट शिरतो, तिथे हाय मागे. टाळांना वेगळा माइक द्यायचा विचारही करू नका, ते सगळ्यांच्याच माइकमध्ये आधीच असतात.

ऑक्सचं मला सगळ्यात उशिरा कळलं. ऑक्स म्हणजे त्या चॅनलमधून आवाज बाजूला काढून दुसरीकडे पाठवायची वाट. ऑक्स १ आमच्याकडे गाणाऱ्यांसमोरच्या मॉनिटर स्पीकरला जातो, ऑक्स २ आतल्या इकोला. ऑक्स १ पाशी प्री असं बटण आहे. ते दाबलेलं असलं की आवाज फेडरच्या आधी निघतो, म्हणजे मी लोकांसाठी फेडर खाली वर केला तरी बुवांना स्वतःचा आवाज तेवढाच ऐकू येतो. मॉनिटरला असंच पाहिजे. इकोला उलटं, फेडर ओढला की इकोही गेला पाहिजे, नाहीतर माणूस गप्प आणि त्याचं भूत गातंय असं होतं. पण लक्षात ठेवायचं ते हे की प्री असो नसो, गेन सगळ्यांच्याच वर आहे. कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावला की लोकांकडचा आवाज, मॉनिटर, इको, सगळं एकदम बदलतं.

(इकोबद्दल एक खासगी तक्रार. आपल्याकडे इको जास्त म्हणजे साउंड भारी अशी समजूत आहे. शब्द कळत नाहीत हो! अभंगात शब्दच तर असतात.)

पॅन, म्हणजे आवाज डाव्या की उजव्या स्पीकरला जास्त ते ठरवणारा नॉब, मधोमध. आमचे दोन स्पीकर सभामंडपाच्या दोन बाजूंना आहेत, पेटी डावीकडे फिरवली तर उजवीकडे बसलेल्या आज्यांना पेटीच मिळणार नाही. त्याखाली ऑनचं बटण, मास्टरला पाठवायचं एसटी बटण, आणि मग फेडर. आवाज येत नसेल तर मी आता वरून खाली बोट फिरवत येते: वायर, गेन, पॅड, ऑन, एसटी, फेडर. बहुतेक वेळा ऑन किंवा एसटी दाबलेलं नसतं. फेडर शून्याच्या खुणेजवळ ठेवायचा, ती जवळपास पाऊण उंचीवर असते. तिथे खुणा विरळ आहेत, बोटभर सरकवलं तर थोडासाच फरक पडतो. खाली खुणा दाटीवाटीने आहेत, तिथे तेवढंच सरकवलं तर आवाज एकदम पडतो किंवा उसळतो. म्हणजे गेन नीट लावला असेल तर फेडर आपोआप सोयीच्या जागी येतो.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी झाली, तेव्हा देवळातल्या देवळात लहान भजन करून बघितलं आणि मग दत्तजयंतीची तयारी. या वेळी स्पीकर सभामंडपाबाहेरच्या पटांगणात लावायचे होते, म्हणून पोलीस स्टेशनची परवानगी. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. अर्जात तारीख, वेळ, जागा, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि मोबाइल लिहिला, सोबत ट्रस्टच्या नोंदणीची प्रत, आधारची झेरॉक्स आणि ठरावाची प्रत जोडली. पहिल्यांदा गेले तर संबंधित साहेब बंदोबस्तावर, मग अर्ज घेतला पण पोच दिली नाही, पुन्हा जाऊन पोच घेतली. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का घेऊनच बाहेर पडा, नाहीतर पुढच्या वेळी अर्जच सापडत नाही. परवानगी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हातात पडली. त्यांची कामं असतात हे मान्य, पण तोवर माझी झोप गेली होती. हातात आल्यावर तिची झेरॉक्स मिक्सरशेजारीच चिकटवली.

१४ डिसेंबर, शनिवार. दुपारपासून वायरी टाकल्या. प्रत्येक चॅनलखाली कागदी चिकटपट्टीवर नाव, बुवा, साथ, पेटी, पखवाज, कोरस, निवेदन. सुरू करताना आधी मिक्सर, अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना आधी अ‍ॅम्प. टेस्टिंगला सगळ्यांनी गजर म्हटला. सेटिंग झाल्यावर मोबाइलवर मशीनचा वरून फोटो काढून ठेवला, कुणी हात लावला तर परत बघून लावता येतं.

संध्याकाळी जन्म झाला, आरती, प्रसाद, मग भजन. पटांगण भरलं होतं. निवेदन झालं की निवेदनाचा माइक ऑनवरून काढायचा हे मी कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधीची जागा ३ डीबीने कमी होते. जो बोलत नाही त्याचा माइक बंद. तिसऱ्या अभंगाला बुवांनी हाताने खूण केली, आवाज वाढवा. शेजारी बसलेले एक काका लगेच म्हणाले गेन वाढव की. बुवांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, लोकांना व्यवस्थित येत होता. मी त्यांच्या चॅनलचा ऑक्स १ थोडा फिरवला, त्यांनी मान डोलावली. काका मशीनकडे बघत राहिले, मग त्यांनी विचारलं हे कुठलं बटण, आणि मी वही आणून बाकीचे चॅनल झाकले.

मधे एकदा बारीक शिट्टी आली, पखवाजवाल्यांनी माइक सरकवला होता तो मॉनिटरच्या तोंडासमोर गेला. मशीनवर काही करण्यासारखं नव्हतं, एका पोराला पाठवून माइक फिरवला. साथीच्या बाई माइकपासून हातभर लांब बसायच्या, मध्यंतरात त्यांना जरा पुढे बसवलं, अंतर निम्मं केलं की ६ डीबी फुकट मिळतात, गेनला हात लावावाच लागत नाही. साडेनऊला पसायदान, पावणेदहाला अ‍ॅम्प बंद. आण्णा त्या दिवशी दुसऱ्या कार्यक्रमाला होते, त्यांनी रात्री फोन करून एवढंच विचारलं की शिट्टी किती वेळा आली.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, तेव्हा गावातल्या साउंडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून कुणाला शिकायचं असेल तर त्याच्या आत किंवा यात्रा उतरल्यावर गाठा. वरखर्चाचा अंदाज हवा असेल तर माइकच्या वायरी लांबीप्रमाणे पाचशेपासून हजारापर्यंत पडल्या, स्वस्तातली एक घेतली होती तिची पिन महिन्यात हलायला लागली. हेडफोन कानावर पूर्ण बसणारा घ्या, तेव्हा दीड हजारापर्यंत मिळायचा, कानात सैल बसणारा चालत नाही, बाहेरचा आवाज आत येतो आणि पीएफएलचं काहीच कळत नाही. मशीनवर टाकायला कापडाचं कव्हर आम्ही घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीचं शिवून घेतलं, देवळात उदबत्तीची राख आणि कापूर फार, फेडरच्या फटीत जातो.

१ फेब्रुवारी २०२५ ला माघी गणेश जयंती होती. त्या वेळी मुलींचा कोरस मोठा होता आणि एक माइक पुरणार नाही असं दिसत होतं, निवेदन बुवांच्याच माइकवरून करून तो सहावा चॅनल कोरसला देता येईल का ते आदल्या गुरुवारी बघायचं होतं.